नॅनोची चाके, इनोव्हाचा अ‍ॅक्सल

जानेवारी 2008 मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत टाटांनी नॅनो दाखवली, तेव्हा सगळी चर्चा झाली ती एका लाखाच्या किमतीची आणि मागे बसवलेल्या इंजिनाची. गाडीच्या खाली वाकून फारसे कुणी पाहिले नाही. पाहिले असते तर चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिसले असते: पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे सेमी-ट्रेलिंग आर्म आणि कॉइल स्प्रिंग. देशातली सर्वांत स्वस्त मोटार, आणि तिच्या मागच्या दोन चाकांना एकमेकांशी बांधणारा अ‍ॅक्सल नाही. आता इनोव्हा क्रिस्टा घ्या. किंमत नॅनोच्या कित्येक पट. तिच्या मागच्या चाकांमध्ये मात्र सलग, अखंड अ‍ॅक्सल आहे. ट्रकला असतो त्याच जातीचा, फक्त पाट्यांऐवजी चार लिंक आणि कॉइल स्प्रिंग यांवर धरलेला. पुण्याहून नागपूरला जायचे आहे, घरात पाठदुखीचे एक वडीलधारे माणूस आहे आणि दारात या दोन्ही गाड्या उभ्या आहेत. त्या माणसाला कोणत्या गाडीत बसवाल, हे विचारावेही लागणार नाही.

हे उदाहरण आधीच ठेवले, कारण गेली काही वर्षे मोटार घेणाऱ्या मराठी मध्यमवर्गात एक मत जवळजवळ सिद्धांतासारखे रुजले आहे. शोरूममधला विक्रेता ते सांगतो, मोटारींवरचे व्हिडिओ ते सांगतात, ऑफिसातला गाड्यांचा जाणकार तर ते शपथेवर सांगतो. मत असे: सस्पेन्शनच्या प्रकारांची एक उतरंड आहे. तळाला पाटे, त्यावर अखंड अ‍ॅक्सल, त्यावर टॉर्शन बीम, मग मॅकफर्सन स्ट्रट, त्यावर डबल विशबोन आणि शिखरावर मल्टी-लिंक. जितकी वरची पायरी तितका आराम जास्त आणि गाडी रस्त्याला तितकी घट्ट धरून चालणार. टॉर्शन बीम दिला म्हणजे कंपनीने पैसे वाचवले. मल्टी-लिंक दिले म्हणजे ग्राहकाचा मान राखला. मग लोक माहितीपत्रकातली एक ओळ वाचून दोन-तीन लाख जास्त मोजतात, हप्ता वाढवून घेतात आणि गाडी घरी आल्यावर खड्ड्यांतून जाताना आजीची कंबर पूर्वीइतकीच दुखते.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा, कारण तो निराधार नाही. अखंड अ‍ॅक्सलमध्ये एक चाक खड्ड्यात गेले की तराजूच्या दांडीसारखे दुसरे टोकही हलते आणि एका बाजूचा धक्का दोन्हीकडे पोहोचतो. मागच्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळत असेल तर डिफरन्शियलचे जड हाउसिंगही चाकांबरोबर वर-खाली नाचते. स्प्रिंगच्या खालचे वजन जितके जास्त तितके ते चाक रस्त्याच्या उंचसखलपणामागे धावायला मंद. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल गाडीच्या अंगाला टांगता येते आणि प्रत्येक चाक आपापला खड्डा आपापला सोसते. मल्टी-लिंकमध्ये तर चाकाची प्रत्येक दिशेची हालचाल वेगवेगळ्या आर्मवर सोपवता येते. यातले एकही वाक्य खोटे नाही. चूक होते ती यापुढच्या उडीत. रचनेने एक शक्यता उघडली, एवढ्यावरून ती शक्यता प्रत्यक्षात आलीच असे लोक धरून चालतात.

स्वतंत्र सस्पेन्शन मोठ्या प्रमाणावर मोटारींत आले कसे, हा इतिहास या वादात फार बोलका आहे. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेला मॉरिस ऑली हा इंग्रज अभियंता 1930 साली जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आला. आरामदायी गाडी म्हणजे नेमके काय, हे त्याला मोजून पाहायचे होते. त्याने एक लांब लिमोझिन घेतली, तिच्या पुढेमागे वजने सरकवता येतील अशी व्यवस्था केली, स्प्रिंगा बदलता येतील असे केले आणि तीत माणसे बसवून एकेक जुळणी तपासली. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही सस्पेन्शनच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. कारण उंचवटा आधी पुढच्या चाकांना भेटतो, मागच्यांना नंतर. पुढचे टोक आधीच झुलू लागलेले असते. मागचे टोक जरा जलद झुलले तर ते पुढच्याला गाठते आणि गाडीचे नाक व शेपूट आळीपाळीने वर-खाली होण्याऐवजी सगळी गाडी सपाट वर येते, सपाट खाली जाते. माणसाला दुसरी हालचाल सोसते, पहिली सोसत नाही.

त्या काळात पुढच्या स्प्रिंगा खूप कडक असत. त्या मऊ करायला गेले की पुढच्या अखंड अ‍ॅक्सलवरची चाके वेगात थरथरू लागत आणि स्टिअरिंग हातात फडफडे. मऊ स्प्रिंग हवी, पण थरथर नको. या अडचणीतून जनरल मोटर्सने 1934 च्या आपल्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिले. म्हणजे हवा होता तो मऊपणा, आणि पुढच्या चाकांचे स्वातंत्र्य हा तिथे पोहोचण्याचा मार्ग होता. मागे ती थरथरीची अडचण नव्हती, म्हणून मागचा अखंड अ‍ॅक्सल तसाच ठेवला, आणि तो किती वर्षे टिकला पाहा. पाण्यावर तरंगल्यासारखी चालणारी मोठी अमेरिकन मोटार म्हणून जिची ख्याती होती, त्या कॅडिलॅकच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या सेडान 1996 पर्यंत मागे अखंड अ‍ॅक्सल घेऊनच विकल्या गेल्या. लिंकन टाउन कार, म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळांवर पाहुण्यांना न्यायला येणारी काळी गाडी, 2011 साली बंद होईपर्यंत अखंड अ‍ॅक्सलवर होती.

मग आराम ठरवते काय? पहिली गोष्ट स्प्रिंगचा मऊपणा, आणि तोही गाडीच्या वजनाच्या हिशेबात. चाकांवर टेकलेली गाडी एकदा दाबून सोडली तर सेकंदाला किती वेळा झुलेल, यावर सगळे अवलंबून आहे. उभ्या दिशेच्या हादऱ्यांना माणसाचे धड सेकंदाला 4 ते 8 वेळांच्या टापूत सर्वांत हळवे असते. पोटातले अवयव आणि मणका त्या तालावर स्वतःच डोलू लागतात. उलट अर्ध्या वेळेपेक्षाही मंद झुलणे झाले तर मळमळते, घाटात गाडी लागते ती त्या जातीच्या हालचालीने. म्हणून मोटारींची स्प्रिंग सेकंदाला साधारण 1 ते 1.5 वेळा झुलेल अशी ठेवण्याचा प्रयत्न असतो. यामागचे गणित शाळेतल्या लंबकाइतकेच सोपे आहे. सेकंदाला एकदा झुलायचे असेल तर गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग सुमारे 25 सेंटिमीटर दबलेली असली पाहिजे. दीड वेळा झुलायचे तर 11 सेंटिमीटर. दोनदा झुलली तर फक्त 6.

या तीन आकड्यांत लहान गाडीची सगळी व्यथा आहे. समजा, एका छोट्या हॅचबॅकच्या मागच्या चाकांवर रिकाम्या गाडीचे 350 किलो येतात. दिवाळीत गावी निघताना मागे तिघे बसले, डिकी फराळाच्या डब्यांनी भरली आणि मागच्या चाकांवर आणखी 280 किलो पडले. म्हणजे 80 टक्के वाढ. सेकंदाला एकदा झुलणारी मऊ स्प्रिंग लावली असती तर गाडी मागून आणखी 20 सेंटिमीटर खाली बसली असती. तेवढी जागा चाकाच्या वर नसतेच, चाक मडगार्डला लागले असते आणि प्रत्येक गतिरोधकावर पोट घासले असते. म्हणून अभियंत्याला तिथे कडक स्प्रिंग लावावी लागते, दोनदा झुलणारी. तिच्यावर तोच भार टाकला तर गाडी 5 सेंटिमीटर दबते, आणि तेवढे चालते. किंमत मोजतो तो एकटा गाडी चालवणारा. रिकामी गाडी टणक लागते, भरली की तिचे झुलणे दीडवर येते आणि ती शांत होते. “चार माणसं बसली की गाडी मस्त चालते” असे आपल्याकडचे ड्रायव्हर म्हणतात, ते शब्दशः खरे आहे. इनोव्हासारख्या जड गाडीत रिकामे वजनच इतके असते की माणसे चढल्याने होणारी वाढ त्या मानाने कमी, म्हणून तिला मुळातच मऊ स्प्रिंग परवडते. शिवाय स्प्रिंगच्या वरचे वजन जास्त असल्याने खालच्या जड अ‍ॅक्सलचे नाचणे त्या वजनापुढे दबून जाते. रिकामा पिकअप उड्या मारतो आणि टनभर माल चढला की निमूट चालतो, त्याचेही उत्तर हेच. या सगळ्या हिशेबात रचनेचे नाव कुठेही आले नाही.

दुसरी गोष्ट घर्षण. पाट्यांना लोक नावे ठेवतात ती अखंड अ‍ॅक्सलच्या खात्यावर, आणि इथे मोठी गल्लत होते. एकावर एक ठेवलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात. छोटा हादरा त्या घर्षणावर मात करू शकत नाही, त्यामुळे स्प्रिंग हलतच नाही आणि रस्त्याची प्रत्येक खडी थेट आसनापर्यंत येते. दोष पाट्यांच्या घासण्याचा, शिक्षा अ‍ॅक्सलला. पाटे काढून कॉइल लावले की काय होते, याचे प्रयोग इतिहासाने करून ठेवले आहेत. 1970 साली आलेल्या पहिल्या रेंज रोव्हरला पुढे आणि मागे, दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल होते, पण त्यांवर लांब पल्ल्याच्या मऊ कॉइल स्प्रिंगा. शेतातून चालणारी ही गाडी त्या काळच्या पुष्कळ सेडानांपेक्षा सुखावह मानली गेली. त्याच कंपनीने 1983 साली आपल्या पाट्यांच्या लँड रोव्हरला कॉइल दिले, अ‍ॅक्सल अखंडच ठेवले, आणि गाडीचा स्वभाव पालटला. आपल्याकडे क्वालिस जाऊन 2005 साली इनोव्हा आली, तेव्हाही मागचा अखंड अ‍ॅक्सल कायम होता. गेले ते पाटे.

मोटार राहू द्या, एसटीचे घ्या. लाल एसटीच्या मागच्या बाकावर बसून खराब रस्त्याने प्रवास केलेला माणूस तो विसरत नाही. मुंबई–पुणे मार्गावरच्या शिवनेरीत त्याच माणसाला झोप लागते. दोन्ही बसना मागे अखंड अ‍ॅक्सलच आहे. एकीला पाटे आहेत, दुसरीला हवेचे फुगे, आणि हवेचा दाब भारानुसार कमी-जास्त होतो. म्हणजे लहान हॅचबॅकच्या अभियंत्याला ज्या अडचणीने छळले, रिकामे आणि भरलेले यातल्या तफावतीने, ती अडचण इथे सुटली. आराम तिथून आला.

तिसरी गोष्ट अशी की चाके कागदावर स्वतंत्र असली तरी रस्त्यावर ती तशी राहतातच असे नाही. आपल्याकडे गाडी उंच हवी असते, खड्ड्यांसाठी आणि रुबाबासाठीही. गाडी उंच झाली की वळणावर जास्त कलते. कलणे थांबवायला डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारा अँटी-रोल बार जाड करतात. जाड बार म्हणजे दोन्ही चाकांमधला पोलादी करार: एक वर गेले की दुसऱ्यालाही ओढायचे. काही एसयूव्हींमध्ये डाव्या-उजव्या खड्ड्यांवरून जाताना डोके एकदा या खिडकीकडे, एकदा त्या खिडकीकडे फेकले जाते. माहितीपत्रक उघडावे तर मागे स्वतंत्र सस्पेन्शन लिहिलेले असते. स्वतंत्र चाके विकत घेतली आणि दांड्याने पुन्हा बांधून टाकली. टॉर्शन बीमची रचना यापेक्षा फार वेगळी नाही. दोन ट्रेलिंग आर्म आणि त्यांना जोडणारी एक आडवी पट्टी, जी सहजासहजी वाकत नाही पण पिळवटते. एक चाक वर गेले की पट्टी पिळली जाते आणि दुसऱ्या चाकापर्यंत धक्क्याचा काही भागच पोहोचतो. म्हणून तिला अर्धस्वतंत्र म्हणतात. अँटी-रोल बारचे काम ती पट्टीच करते. 1974 च्या पहिल्या फोक्सवॅगन गोल्फपासून जगातल्या कोट्यवधी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या या पट्टीवर धावल्या आहेत.

“मल्टी-लिंक” या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी एक इशारा इथेच द्यायला हवा. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनच्या मागे पाच लिंक आहेत, पण त्या धरतात अखंड अ‍ॅक्सलला. 2020 च्या थारमागेही मल्टी-लिंक लिहिलेले आहे आणि अ‍ॅक्सल अखंड आहे. यात फसवणूक काहीच नाही, लिंक अनेक आहेत हे खरेच. स्कॉर्पिओ-एनमध्ये तर अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून जेम्स वॉटने 1784 साली वाफेच्या यंत्रासाठी पेटंट घेतलेली लिंकची जुळणी वापरली आहे, आणि ती उत्तम योजना आहे. पण “मल्टी-लिंक म्हणजे स्वतंत्र आणि म्हणून आरामदायी” असे मनात धरून आलेला ग्राहक इथे चुकीच्या कारणासाठी समाधान पावतो.

आता दुसरा दावा, रस्त्यावरच्या पकडीचा. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी वळणावर चांगलीच असते, हे मत अमेरिकेतल्या शेवरले कॉर्व्हेअरने कायमचे मोडीत काढायला हवे होते. 1960 च्या या गाडीला मागे स्विंग अ‍ॅक्सल होता, म्हणजे चारही चाके स्वतंत्र. पण या रचनेत मागची दोन्ही चाके डिफरन्शियलजवळच्या सांध्याभोवती फिरतात. जोरात वळताना गाडीची पाठ उचलली गेली की बाहेरचे चाक आत दुमडते, टायर कडेवर येतो आणि मागची पकड एकाएकी सुटते. त्यावर उतारा म्हणून कंपनीने टायरमध्ये पुढे 15 आणि मागे 26 पौंड हवा ठेवायला सांगितले होते. पंपावर हवा भरणारा माणूस सगळीकडे सारखी हवा भरतो, हे कुणी लक्षात घेतले नाही. राल्फ नेडरच्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या 1965 च्या पुस्तकाचे पहिले प्रकरण याच गाडीवर आहे. 1972 साली अमेरिकन सरकारच्या तपासणीने ती आपल्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती असा निर्वाळा दिला, हेही नोंदवले पाहिजे. तरीही 1965 च्या मॉडेलला कंपनीने मागची रचना पूर्ण बदलली होती. अखंड अ‍ॅक्सलचा एक गुण या प्रकरणात उठून दिसतो: गाडी कितीही कलो, त्याची चाके रस्त्याशी काटकोनातच राहतात.

उतरंडीत डबल विशबोनच्या खाली बसवलेला मॅकफर्सन स्ट्रट पाहा. अर्ल मॅकफर्सनची ही रचना फोर्डच्या गाड्यांतून 1949–50 च्या सुमारास रस्त्यावर आली आणि स्वस्त, आटोपशीर म्हणून जगभर पसरली. तीच रचना पोर्शच्या 911 ने 1964 पासून पुढच्या चाकांसाठी वापरली, आणि जगातल्या सर्वांत काटेकोर स्टिअरिंगच्या गाड्यांत तिचे नाव घेतले जाते. टॉर्शन बीमचेही तसेच. 2019 साली रेनॉ मेगान आर.एस. ट्रॉफी-आर या गाडीने जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंगच्या उत्तर वळशावर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा विक्रम केला. तिच्या मागे टॉर्शन बीम होता. वजन कमी करायला मागच्या चाकांचे स्टिअरिंगही काढून टाकले होते. 2023 साली होंडा सिव्हिक टाइप-आरने तो विक्रम परत घेतला, आणि तिच्या मागे मल्टी-लिंक आहे. पूर्वपक्ष म्हणेल, अखेर जिंकले कोण? जिंकली मल्टी-लिंक. पण 20.832 किलोमीटरच्या वळशात, कित्येक नागमोडी वळणे ओलांडून, दोघींमध्ये फरक राहिला तो सुमारे अर्ध्या सेकंदाचा. सिंहगड रोडवर रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाने त्या अर्ध्या सेकंदासाठी किती पैसे मोजावेत, हे त्याने स्वतःला विचारावे.

पैशाचा हिशेब तर उघडच आहे. पाच लिंकच्या पूर्ण मल्टी-लिंकमध्ये दोन चाकांचे दहा आर्म आणि त्यांचे वीस सांधे येतात. त्यांना धरायला वेगळी सबफ्रेम लागते. डिकीची जमीन वर येते, इंधनटाकी आणि स्टेपनीला जागा शोधावी लागते. टॉर्शन बीम गाडीला दोन मोठ्या बुशांवर टांगलेला असतो. आपल्या रस्त्यांवर बुश हा रबराचा खर्ची पडणारा भाग आहे. धूळ, पाणी, खड्डे यांत तो झिजतो, गाडी खडखडू लागते, मागची चाके अलाइनमेंटमधून सरकतात आणि टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. दोन बुश बदलणे आणि वीस सांध्यांमधला गेलेला सांधा शोधणे यांत गॅरेजच्या बिलाचा जो फरक पडतो, तो शोरूममध्ये कुणी सांगत नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला तर तो सांधा ओळखणारा मिस्त्री मिळणे हाच पहिला प्रश्न असतो.

इतके सांगून मल्टी-लिंक निरर्थक आहे असे म्हणायचे नाही. तसे म्हटले तर मी पूर्वपक्षाचीच चूक उलट्या बाजूने करीन. तिचा खरा गुण वेगळाच आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटते तेव्हा धक्का फक्त खालून वर येत नाही, तो पुढून मागेही येतो. त्या दिशेने चाकाला थोडे मागे सरकू दिले तर धक्क्याची धार बोथट होते. पण त्याच चाकाने वळणावर आडवे मात्र सरकता कामा नये. टॉर्शन बीममध्ये ही दोन्ही कामे त्याच दोन बुशांना करावी लागतात. बुश मऊ ठेवला तर वळणावर मागचे टोक सैल वाटते, कडक ठेवला तर खड्ड्याचा आवाज आत येतो. मल्टी-लिंकमध्ये पुढे-मागेचे काम एका आर्मच्या मऊ बुशावर आणि आडवे काम दुसऱ्यांच्या कडक बुशांवर सोपवता येते. मर्सिडीजने 1982 च्या 190 मॉडेलला पाच लिंकची मागची रचना दिली ती अशा बारीक नियंत्रणासाठी. मागच्या चाकांवर चालणारी जड, ताकदवान गाडी, रुंद टायर, वेगाने घ्यायची वळणे आणि त्याच वेळी निःशब्द केबिन, इतके सगळे एकत्र हवे असेल तिथे मल्टी-लिंकला पर्याय नाही. फोक्सवॅगननेच 2012 च्या सातव्या गोल्फमध्ये कमी ताकदीच्या आवृत्त्यांना टॉर्शन बीम आणि जास्त ताकदीच्या आवृत्त्यांना मल्टी-लिंक दिले. तिथले अभियंते उतरंड मानत नव्हते, कुणाला काय लागते ते पाहत होते.

माझे म्हणणे म्हणून असे आहे: रचनेचा प्रकार तडजोडीची मर्यादा ठरवतो. त्या मर्यादेच्या आत गाडी कुठे बसेल हे स्प्रिंग, शॉकअप, बुश, वजनाची वाटणी, दोन चाकांमधले अंतर आणि टायर ठरवतात. शॉकअपचा वाटा यात सगळ्यात दुर्लक्षित आहे. स्प्रिंग धक्का पोटात घेते, पण घेतलेली शक्ती परत फेकायला ती टपलेलीच असते. ती शक्ती तेलात जिरवण्याचे काम शॉकअपचे. छोट्या हादऱ्यांना सैल आणि मोठ्या झुलण्याला घट्ट, असा शॉकअप बनवणे अवघड आणि महाग आहे, आणि माहितीपत्रकात त्याची एक ओळही नसते. ठरलेल्या किमतीच्या गाडीत जे पैसे मागे आर्म वाढवण्यात जातात ते कुठून तरी कमी होतात. मला विचाराल तर टॉर्शन बीम ठेवून तेवढे पैसे चांगल्या शॉकअपवर आणि चाकाच्या प्रवासाला जास्त जागा देण्यावर खर्च करणारी कंपनी ग्राहकाची अधिक काळजी घेते.

आणि टायर. गाडीची पहिली स्प्रिंग तीच. 185/65 आर 15 टायरची बाजूची भिंत सुमारे 120 मिलिमीटर उंच असते. त्याच गाडीला शोभेसाठी 215/45 आर 17 चढवला तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण भिंत 97 मिलिमीटरवर येते. हवेची गादी एक पंचमांशाने गेली, आणि मोठे अलॉय व रुंद टायर मिळून चाकाचे वजनही बहुधा वाढले. मल्टी-लिंकसाठी जास्त पैसे दिलेला माणूस त्याच दिवशी त्याच शोरूममध्ये सतरा इंची चाके निवडताना दिसतो, तेव्हा या मताने लोकांचे किती नुकसान केले आहे ते कळते.

गाडी घ्यायला निघालेल्या कुटुंबाला माझी विनंती एवढीच आहे. चाचणी फेरीसाठी एकट्याने जाऊ नका, घरच्यांना घेऊन जा आणि गाडी भरा. टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे आहे का ते आधी पाहा, कारण शोरूमची गाडी अनेकदा जास्त हवेवर उभी असते. विक्रेता गुळगुळीत रस्त्यावर नेईल, तुम्ही उखडलेल्या रस्त्यावर न्या आणि ताशी वीस-तीसच्या वेगाने चालवा. पुलाच्या सांध्यांवरून वेगात एकदा जा, गतिरोधकावरून दोनदा. निम्मा वेळ तुम्ही स्वतः मागच्या आसनावर बसा, आणि ज्यांची पाठ दुखते त्यांना तिथे बसवून त्यांचे मत विचारा. त्यांनी होकार दिला तर मागे टॉर्शन बीम आहे की अखंड अ‍ॅक्सल, याची काळजी करू नका. आणि जुनी गाडी असेल, सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर झाले असतील, ती आता आपटते म्हणून नवी घ्यायचा विचार असेल, तर आधी चारही शॉकअप आणि बुश बदलून पाहा. नव्या गाडीच्या हप्त्यांच्या मानाने तो खर्च फार थोडा आहे.